टॉलस्टॉयने शुभवर्तमान हुकमासारखं वाचलं

टॉलस्टॉयबद्दल एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : पन्नाशीपर्यंत थोर कादंबरीकार, पन्नाशीनंतर उपदेशक. सुटसुटीत आहे म्हणून ते टिकलंय, पण त्यातला हिशेबच चुकलेला आहे. त्याची ४ मार्च १८५५ ची डायरी बघा. वय २६, तोफखान्यातला अधिकारी, क्रिमियात युद्ध चालू, आणि नुकताच पत्त्यांत पैसा घालवलेला. अशा दिवसांत तो लिहितो की एका प्रचंड कल्पनेला आपण सगळं आयुष्य देऊ शकू असं वाटतंय. कल्पना अशी : ख्रिस्ताचाच धर्म, पण श्रद्धासूत्रं आणि गूढ काढून टाकलेला, मेल्यानंतरच्या सुखाचं वचन न देता इथेच, पृथ्वीवर, सुख देणारा. 'वॉर अँड पीस' लिहायला घ्यायला तेव्हा अजून आठ वर्षं होती. म्हणजे धर्म आधी आला, कादंबऱ्या मध्ये, आणि मग पुन्हा धर्म.

तारखांचं एक आधीच सांगायला हवं. रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं. एकोणिसाव्या शतकातल्या तारखेत १२ आणि विसाव्या शतकातल्या तारखेत १३ दिवस मिळवले की आजची तारीख मिळते. त्याचा मृत्यू कुठे ७ नोव्हेंबर १९१० तर कुठे २० नोव्हेंबर छापलेला दिसतो तो यामुळेच, दोन्ही बरोबर. इथे रशियातल्या घटनांना जुन्याच तारखा दिल्या आहेत.

त्याच्या धर्मविचाराची ओळख करून घ्यायची तर एका शिपायापासून सुरुवात करावी. 'माझी श्रद्धा कशात आहे' या पुस्तकात टॉलस्टॉयने हा प्रसंग सांगितलाय. मॉस्कोत क्रेमलिनच्या बोरोवित्स्की दरवाजाशी एक भिकारी बसलेला असतो. आतून पहाऱ्यावरचा शिपाई येतो आणि त्याला हुसकावून लावतो. टॉलस्टॉय शिपायाला विचारतो, 'वाचता येतं का? शुभवर्तमान वाचलंयस?' शुभवर्तमान म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रकथा, गॉस्पेल. शिपाई हो म्हणतो. भुकेल्याला खाऊ घालावं असं त्यात आहे, हे टॉलस्टॉय त्याला ऐकवतो. शिपाई क्षणभर गोंधळतो. मग उलट विचारतो, 'आणि तुम्ही लष्करी नियमावली वाचलीय?' नाही म्हटल्यावर, 'मग बोलू नका,' म्हणून ऐटीत आपल्या जागेवर परत जातो.

टॉलस्टॉयला हा शिपाई आवडला, आणि का ते समजण्यासारखं आहे. पुस्तक वाचायचं ते त्यात लिहिलंय तसं वागण्यासाठी, हे शिपायाला पक्कं ठाऊक होतं. फक्त त्याच्यापुढे पुस्तकं दोन होती आणि एकमेकांविरुद्ध होती. टॉलस्टॉयने पुढची तीस वर्षं शुभवर्तमान नियमावलीसारखं वाचलं. त्याच्या विचाराची ताकद या सवयीतून आली आणि त्यातल्या अडचणीही.

आता टॉलस्टॉयच्या मनावर आलेल्या अरिष्टाचा भाग. तो पुष्कळांनी पुष्कळदा सांगितलाय, म्हणून थोडक्यात. सप्टेंबर १८६९ मध्ये पेन्झा प्रांतात जमीन बघायला जाताना अर्झामास गावी मुक्काम पडला, आणि रात्री दोनच्या सुमाराला त्याला कारण नसताना मृत्यूच्या भीतीने घेरलं. 'अॅना कॅरेनिना' संपता संपता ही भीती रोजची झाली. खोलीतल्या दोन कपाटांमधल्या आडव्या दांडीला आपण लटकू नये म्हणून दोरी लपवून ठेवली, बंदूक घेऊन शिकारीला जाणं सोडलं, असं त्याने 'कबुलीजबाब'मध्ये लिहिलंय. त्याच पुस्तकात विहिरीत लोंबकळणाऱ्या माणसाचा दृष्टान्त येतो : वर हिंस्र श्वापद, खाली अजगर, फांदी कुरतडणारे एक काळा आणि एक पांढरा उंदीर, आणि पानावर मधाचे थेंब. टॉलस्टॉय त्याला 'पूर्वेकडची जुनी गोष्ट' म्हणतो. आपल्याला ती परकी वाटायचं कारण नाही; महाभारताच्या स्त्रीपर्वात विदुर धृतराष्ट्राला हीच सांगतो. तिथून देशोदेशी हिंडत, ख्रिस्ती संतकथांमध्ये मिसळून ती त्याच्यापर्यंत पोचली होती.

इथे एक गोष्ट निसटते. चर्च सोडण्याआधी टॉलस्टॉयने चर्च मनापासून पाळून बघितलं. साधारण १८७७ ते १८७९ या काळात उपास, उपासना, पापनिवेदन, सगळं. ऑप्तिना मठात जाऊन आम्व्रोसी या साधूला भेटला. घसरला तो तीन ठिकाणी. पहिलं, प्रभुभोजन, म्हणजे भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी : आपण जे गिळतोय ते खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त आहे, हे धर्मगुरूने मोठ्याने म्हणायला लावलं तेव्हा काळजात कळ आली, एकदा सहन केलं, दुसऱ्यांदा जाववलं नाही. दुसरं, इतर ख्रिस्ती पंथांना पाखंडी ठरवणं. तिसरं, युद्ध : तुर्कांशी लढाई चालू होती आणि चर्चमध्ये रशियन शस्त्रांच्या यशासाठी प्रार्थना होत होत्या. त्याच्या पुढच्या लिखाणात हा तिसरा मुद्दाच सगळ्यात जड होत गेला.

मग त्याने जे केलं ते एखाद्या संपादकाचं काम होतं. आधी मॉस्कोचे महाधर्माध्यक्ष मकारी यांचा धर्मसिद्धान्तावरचा ग्रंथ घेऊन तो कलमागून कलम खोडून काढला. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), आदिपाप, संस्कार, काहीच सोडलं नाही. टॉलस्टॉयचं हे पुस्तक चिडून लिहिलंय आणि चिडका माणूस शंभर पानं बोलला की जे होतं ते इथे होतं. दुसऱ्या टप्प्यात, १८८०-८१ मध्ये, चारही शुभवर्तमानं मूळ ग्रीकमधून स्वतः भाषांतरित करून एकत्र गुंफली. ग्रीक तो दहा वर्षांपूर्वी शिकला होता, १८७०-७१ च्या हिवाळ्यात, जेमतेम तीन महिन्यांत; पण ते झेनोफोन आणि होमरचं ग्रीक. नव्या कराराचं ग्रीक वेगळं, बोलभाषेच्या जवळचं. घरात मुलांना शिकवायला आलेला इवाकिन हा भाषाशास्त्राचा पदवीधर या कामात मदतीला होता. त्याच्या आठवणींवरून दिसतं की टॉलस्टॉय अर्थ आधी ठरवून यायचा आणि मग व्याकरणाला त्यासाठी राजी करायचा प्रयत्न व्हायचा. ख्रिस्त उठला की नाही याच्याशी मला काय करायचंय, मला कसं जगायचं ते हवंय, असं तो इवाकिनला म्हणाला होता.

या कात्रीखाली काय गेलं? कुमारीच्या पोटचा जन्म गेला, चमत्कार गेले किंवा त्यांचे साधे अर्थ लावले गेले, पुनरुत्थान गेलं. या कामातून काढलेल्या 'संक्षिप्त शुभवर्तमाना'त १२ प्रकरणं आहेत, त्यांची मांडणी 'हे आमच्या पित्या' या प्रार्थनेच्या ओळींवर बेतली आहे, आणि शेवट येशूने प्राण सोडला तिथे होतो. थडग्याची सकाळ नाहीच. योहानाचं पहिलं वाक्य, 'प्रारंभी शब्द होता', तिथे 'लोगोस'साठी टॉलस्टॉय 'राझुमेनिये' हा शब्द घेतो, म्हणजे समज, जीवनाची उमज. या एका शब्दाने ख्रिस्ताचं देवत्व गुपचूप बाजूला होतं आणि उरतो तो शिकवणारा माणूस.

त्याचं ग्रीक कुठे खरं ठरलं आणि कुठे नाही, हे सुटं करून बघावं लागतं. सरसकट 'हौशी भाषांतर' म्हणून झटकणारे आणि सरसकट मान्य करणारे दोघेही फसतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ५:२२ घ्या. 'जो आपल्या भावावर उगाच रागावेल' असा पाठ चर्चमध्ये चालत होता. या 'उगाच'ने टॉलस्टॉय अस्वस्थ झाला, कारण प्रत्येकाला आपला राग सकारणच वाटतो. मग आज्ञेत राहिलं काय? त्याने पाठभेद तपासले. 'उगाच'साठीचा 'एइके' हा ग्रीक शब्द कित्येक जुन्या प्रतींत नाही, मागाहून घुसलाय असं त्याला आढळलं. पाठचिकित्सेचे बहुतेक अभ्यासक आज त्याच बाजूचे आहेत. इथे त्याला पैकीच्या पैकी गुण.

दहाच ओवींनंतर मात्र गाडी घसरते. मत्तय ५:३२ मध्ये घटस्फोटाला 'व्यभिचाराच्या कारणाखेरीज' असा अपवाद आहे. नियमावलीत अपवाद म्हणजे पळवाट, म्हणून टॉलस्टॉयने वाक्याची जोडणीच बदलली : बायकोला टाकणारा, व्यभिचाराचा दोष स्वतःकडे घेतोच, 'त्याखेरीज' तिलाही त्यात लोटतो. व्याकरण फार ताणावं लागतं. 'न्याय करू नका' याचाही त्याने न्यायालयांवर बंदी असा अर्थ काढला. त्यासाठी कोश उघडून दाखवलं की ग्रीक क्रियापद खटल्यातल्या न्यायालाही चालतं. चालतं हे खरं. पण तेवढ्याने तोच अर्थ इथे आहे असं सिद्ध होत नाही.

या मशागतीतून पाच आज्ञा निघाल्या, सगळ्या मत्तयाच्या पाचव्या अध्यायातून, म्हणजे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातून. रागावू नका. वासनेने स्त्रीकडे पाहू नका आणि जोडीदाराला टाकू नका. शपथ घेऊ नका. दुष्टाला अडवू नका. परक्या राष्ट्राला शत्रू मानू नका. मुळात 'तुम्ही ऐकलंय की... पण मी सांगतो' अशी सहा वाक्यं आहेत. व्यभिचार आणि घटस्फोट एकत्र करून टॉलस्टॉय त्यांची पाच करतो. या आज्ञा त्याच्या हातात किती धारदार होतात ते बघण्यासारखं आहे. शपथ नाही, म्हणजे झारशी निष्ठेची शपथ नाही, म्हणजे सैन्यात भरती नाही. पाचवीतला 'शत्रू' शेजारचा भांडखोर नसून राष्ट्राचा शत्रू आहे असं तो दाखवतो, कारण जुन्या करारातला 'शेजारी' म्हणजे स्वजातीचा माणूस. डोंगरावरच्या प्रवचनातली ओळ थेट सक्तीच्या लष्करभरतीला जाऊन भिडते, आणि रशियात सक्तीची भरती १८७४ पासून सर्व वर्गांना लागू होती. सरकार घाबरलं ते यामुळे. त्रैक्य नाकारणारे तर पुष्कळच होते.

चौथी आज्ञा हा सगळ्याचा कणा, आणि गैरसमजही तिथेच सर्वांत जास्त. 'अडवू नका' म्हणजे हातावर हात धरून बसा, असं टॉलस्टॉय कुठेच म्हणत नाही. वाईटाचा प्रतिकार बळजबरीने करू नका, एवढंच. बोला, लिहा, आड उभे राहा, नकार द्या. मग नेहमीचा प्रश्न येतो : दरोडेखोर डोळ्यांदेखत पोराला मारतोय, तेव्हा? अर्नेस्ट क्रॉसबी या अमेरिकन माणसाला १८९६ मध्ये लिहिलेल्या पत्रात याचं उत्तर आहे. पोर मरेलच हे तुम्हाला ठाऊक नसतं, पण दरोडेखोराला तुम्ही मारताय हे नक्की असतं. शिवाय हा काल्पनिक दरोडेखोर कुणालाच भेटलेला नसतो, आणि त्याच्या नावाने मात्र खऱ्याखुऱ्या फाशा, तुरुंग, फौजा उभ्या राहतात. दुसरा अर्धा भाग मला आजही बिनतोड वाटतो. पहिला नाही. अडिन बॅलू या अमेरिकन धर्मोपदेशकानेही, जो टॉलस्टॉयच्या कितीतरी आधीपासून अप्रतिकार शिकवत होता, पत्रातून हेच विचारलं : वेड्या माणसाला इजा न करता धरून ठेवायला तरी काय हरकत आहे? टॉलस्टॉय तेवढीही फट ठेवायला तयार नव्हता. नियमावलीत एक फट ठेवली की तिच्यातून अख्खं सैन्य जातं, ही त्याची भीती होती, आणि इतिहास बघता ती खुळी म्हणता येत नाही. (गांधीजींचा धागा इथून निघतो. तो इथे मुद्दाम ओढत नाही. तो स्वतंत्र विषय आहे आणि मराठीत त्यावर भरपूर आहे.)

मोठी उणीव दुसरीकडेच आहे. हुकूम मोडला तर पुढे काय, याचं उत्तर या धर्मात नाही. चर्चकडे ते होतं : पापनिवेदन, क्षमा, कृपा. टॉलस्टॉयकडे फक्त पुन्हा प्रयत्न आहे आणि डायरीतली स्वतःची झाडाझडती. दस्तयेव्स्कीचं सगळं लिखाण जिथे राहतं ती जागा इथे रिकामी आहे. दोघांची भेट कधी झालीच नाही. मार्च १८७८ मध्ये पीटर्सबर्गला तत्त्वज्ञ सोलोव्योवच्या एका व्याख्यानाला दोघे एकाच सभागृहात होते, समान मित्र स्त्राखोव टॉलस्टॉयबरोबर होता, तरी ओळख करून दिली गेली नाही.

हे सगळं छापायचं कसं? 'कबुलीजबाब' १८८२ मध्ये 'रुस्काया मिस्ल' मासिकात लागला होता; धार्मिक सेन्सॉरने तो अंकातून काढायला लावला, आणि १८८४ मध्ये तो जिनीव्हात निघाला. 'माझी श्रद्धा कशात आहे' १८८४ मध्ये मॉस्कोत छापलं ते फक्त ५० प्रती आणि किंमत २५ रूबल, म्हणजे सामान्य वाचकाच्या हाती पडणारच नाही असा देखावा. तरी जप्ती आली. गंमत अशी की जप्त प्रती जाळल्या गेल्या नाहीत. पीटर्सबर्गच्या बड्या अधिकाऱ्यांनी त्या वाचायला वाटून घेतल्या. बाकी प्रसार हस्तलिखितं आणि शिळाछापावर झाला. रशियन आवृत्त्यांत शब्दांचे फरक सापडतात त्याचं हे एक कारण.

आता बहिष्कार. टॉलस्टॉयवर चर्चमधून शाप उच्चारला गेला, अशी समजूत खुद्द रशियातही रुजलेली आहे. तसं घडलं नाही. सिनॉडचा, म्हणजे रशियन चर्चच्या सर्वोच्च मंडळाचा, ठराव २० ते २२ फेब्रुवारी १९०१ चा, प्रसिद्धी २४ तारखेला चर्चच्या अधिकृत पत्रात, सह्या पीटर्सबर्गचे महाधर्माध्यक्ष अंतोनी आणि आणखी सहा जणांच्या. मजकुरात 'शाप' हा शब्द नाही आणि 'बहिष्कृत' हाही नाही. त्याच्या चुका मोजल्यात, आणि पुढे म्हटलंय की तो पश्चात्ताप करीपर्यंत चर्च त्याला आपला सदस्य मानत नाही, मानू शकत नाही. शब्द इतके जपून निवडले की नेमकं काय केलं हेच संदिग्ध राहिलं. ४ एप्रिलच्या उत्तरात टॉलस्टॉयने त्याच जागेवर बोट ठेवलं : हा बहिष्कार असेल तर चर्चच्याच नियमांप्रमाणे झालेला नाही, आणि नुसतं निवेदन असेल तर सगळ्यांना ठाऊक असलेलंच सांगता. मग तो शांतपणे मान्य करतो की हो, स्वतःला ऑर्थोडॉक्स म्हणवणारं चर्च मी सोडलंय, पण देवाविरुद्ध बंड करून नव्हे. त्याची सेवा करायची होती म्हणून.

ठरावामागचं एक कारण होतं 'रिसरेक्शन' ही कादंबरी, तुरुंगातल्या उपासनेची थट्टा करणारी. ती पूर्ण झाली तीही धर्मामुळेच. कॉकेशसमधल्या दुखोबोर पंथीयांनी जून १८९५ मध्ये शस्त्रं जाळून सैन्यसेवा नाकारली. त्यांचे हाल सुरू झाले आणि कॅनडाला जाण्यासाठी पैसा हवा होता. १८८१ नंतरच्या लेखनावरचा हक्क टॉलस्टॉयने १८९१ मध्येच सोडला होता. या एका कादंबरीसाठी नियम मोडून त्याने प्रकाशक मार्क्सकडून १२,००० रूबल आगाऊ घेतले. १८९९ मध्ये सुमारे साडेसात हजार दुखोबोर समुद्रापार गेले.

स्वतःच्या घरात मात्र नियमावली अडखळत राहिली. मालमत्ता पाप मानून १८९२ मध्ये त्याने सगळी इस्टेट बायको आणि नऊ मुलांत वाटून दिली, जणू आपण मेलोच आहोत. मुलगी मारियाने वाटा नाकारला. बाकी घर पूर्वीसारखंच चाललं आणि तो त्याच छपराखाली राहिला. शेवटचा पेच मृत्युपत्राचा. आपलं लेखन कुणाच्याही मालकीचं नसावं असं त्याने १९०९ मध्ये लिहून दिलं. वकिलाने सांगितलं, हे टिकणार नाही, कायद्याला वारस म्हणून ठरावीक माणूस लागतो. म्हणून न्यायालयं न मानणाऱ्या टॉलस्टॉयने २२ जुलै १९१० ला बायकोच्या नकळत, जंगलात एका झाडाच्या बुंध्यावर बसून, साक्षीदारांसमोर कायदेशीर मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून काढलं आणि सगळं धाकट्या मुलीच्या, अलेक्सांद्राच्या, नावे केलं. २८ ऑक्टोबरच्या पहाटे त्याने घर सोडलं त्यात या लपवाछपवीचा वाटा मोठा होता. ऑप्तिनाला गेला, साधूंच्या आश्रमाच्या दारापर्यंत चालत गेला, आत न जाता परतला. अस्तापोवो स्टेशनवर न्यूमोनियाने मृत्यू. मठातून आलेल्या वार्सोनोफी यांना आत सोडलं गेलं नाही. दफन यास्नाया पोल्याना या त्याच्या घरच्या इस्टेटीच्या रानात, विधीशिवाय, क्रूसाशिवाय.

वाचायचं झालं तर क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण 'कबुलीजबाब'पासून सुरू करतात आणि तिथेच थांबतात. त्यात प्रश्न आहे, उत्तर नाही. आधी सिनॉडला दिलेलं उत्तर वाचा, थोड्या पानांत त्याची सगळी श्रद्धा त्याच्याच शब्दांत मिळते. मग 'कबुलीजबाब', मग 'माझी श्रद्धा कशात आहे', आणि हे वाचताना मत्तयाचा पाचवा अध्याय शेजारी उघडा ठेवा, नाहीतर तो कुठे मूळ सांगतोय आणि कुठे स्वतःचं घालतोय ते कळणार नाही. 'संक्षिप्त शुभवर्तमान' त्यानंतर. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनने ते १९१४ मध्ये टार्नुफ या गावच्या दुकानात घेतलं आणि युद्धभर जवळ बाळगलं. मकारींवरची टीका अगदी शेवटी किंवा वगळली तरी चालेल. रशियन येत असेल तर ९० खंडांच्या संपूर्ण वाङ्मयातले २३, २४ आणि २८ हे खंड बघावेत. मालिका १९२८ मध्ये सुरू झाली, पण हे तिन्ही खंड छापून आले १९५७ मध्ये, ती संपायला एक वर्ष उरलं असताना.